‘असं कुणी केलंच नाही’ हे इन्व्हेंटिव्ह स्टेपचं उत्तर नव्हे

पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडला की दोन-तीन दिवसांत फोन येतो. “मॅडम, परीक्षकांनी आमचा अर्ज नीट वाचलेला दिसत नाही. अशी पेटी जगात कुणीच केलेली नाही.” मी विचारते, आक्षेप कुठल्या कलमाखाली आहे? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज येतो. “टू, वन, जे-ए.” म्हणजे पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए). आक्षेप इन्व्हेंटिव्ह स्टेपचा आहे, म्हणजे ‘हे जाणकाराला सहज सुचलं असतं’ असा; आणि मला ऐकवलं जातंय ते उत्तर नावीन्याचं, म्हणजे ‘हे आधी कुणी केलेलं नाही’ एवढंच.

हा घोळ उत्तम इंजिनीअर करतात, पीएचडी झालेले लोक करतात, आणि वाईट याचं वाटतं की पेटंट एजंटांनी लिहिलेल्या उत्तरांतही तो असतो. पुण्यात हायड्रोजनचं काम वाढलं आहे. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रावर, चालणारी बस ऑगस्ट २०२२ मध्ये इथंच लोकांसमोर आली, जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटी रुपयांचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं. तेव्हापासून फ्युएल सेलची सीलबंद पेटी हा विषय माझ्या टेबलावर सारखा येतो, म्हणून उदाहरणही तेच घेते.

नावीन्य तुम्हाला समजतं, त्यामुळे त्यावर थोडक्यात. तुमच्या क्लेममधला, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क सांगता त्या वर्णनातला, प्रत्येक घटक, एकही न वगळता, एकाच जुन्या दस्तऐवजात एकत्र सापडला तर नावीन्य गेलं. एक घटक जरी त्यात नसला तरी नावीन्य शाबूत. दोन दस्तऐवजांची बेरीज इथं चालत नाही. दस्तऐवज जपानी असो की जर्मन, फरक पडत नाही. टोयोटानं जानेवारी २०१५ मध्ये फ्युएल सेलची सुमारे ५,६८० पेटंटं विनामूल्य वापरायला खुली केली. वापरायला फुकट असली तरी तुमच्या अर्जासमोर ती पूर्वज्ञानच, म्हणजे आधीच जाहीर असलेली माहितीच, आहेत. तुम्ही स्वतः गेल्या वर्षी परिषदेत वाचलेला पेपरही बहुतेक वेळा पूर्वज्ञानच ठरतो. अर्ज आधी, पेपर नंतर, हे मी किती वेळा सांगायचं!

डिझाइन नोंदणी आणि पेटंट यांतला गोंधळ एका ओळीत सुटतो: २००० चा डिझाइन कायदा पेटीचं दिसणं राखतो, पेटंट तिचं काम राखतं. ‘पेटंट प्रसिद्ध झालं’ म्हणजे मिळालं नव्हे, अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यावर पेढे वाटू नका.

आता पेटीकडे वळू. फ्युएल सेलच्या स्टॅकमध्ये पातळ सेलची चळत दोन जाड प्लेटांमध्ये आवळलेली असते आणि प्रत्येक सेलच्या कडेला सील असतं. हायड्रोजनचा रेणू इतका बारीक की किंचित झिरपतोच. हवेत त्याचं प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठंही असलं तरी तो पेट घेऊ शकतो आणि त्याला सुमारे ०.०२ मिलिज्यूलची ठिणगी पुरते. म्हणून पेटीला दोन उलटी कामं करावी लागतात: पाणी आणि धूळ आत येऊ द्यायची नाही, आणि झिरपलेला हायड्रोजन आत साचू द्यायचा नाही. अर्जात ‘आयपी ६७ दर्जाची सुरक्षित पेटी’ असं लिहून आणतात, त्याची मला चीड आहे. आयपी ६७ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी अपाय होईल इतकं पाणी शिरणार नाही. आतला वायू बाहेर कसा जाणार, याबद्दल तो आकडा एक अक्षर सांगत नाही.

समजा, क्लेम असा आहे: स्टॅकसाठी दोन भागांची ॲल्युमिनियमची पेटी, दोन्ही भागांच्या फ्लँजमध्ये (जोडाच्या कडेत) खाच आणि त्यात गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी), वरच्या बाजूला व्हेंट (वायू बाहेर जायची वाट), त्यावर वायू जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा, आणि व्हेंटशेजारी हायड्रोजन सेन्सर. हे उदाहरण मी रचलंय, पण अशा धाटणीचे क्लेम रोज दिसतात.

परीक्षक तीन दस्तऐवज काढतात. डी-१ मध्ये फ्युएल सेलची पेटी आहे, ॲल्युमिनियमची, गॅस्केटसकट; हायड्रोजन बाहेर घालवायला तिला पंखा आहे. डी-२ मध्ये गाडीच्या बॅटरीची पेटी आहे, तिला तोच पाणी अडवणारा पडदा आहे. डी-३ मध्ये हायड्रोजनचे सिलिंडर ठेवायची खोली आहे आणि सेन्सर छताला लावलाय. सगळे घटक एकत्र एकाही दस्तऐवजात नाहीत, म्हणजे नावीन्य आहे. परीक्षकही ते मान्य करतात. बहुतेक अहवालांत नावीन्याच्या रकान्यात ‘होय’ लिहिलेलं असतं, पण अर्जदार तो रकाना वाचत नाही.

आणि मग उत्तर लिहिलं जातं: “डी-१ मध्ये पडदा नाही. डी-२ मध्ये फ्युएल सेल नाही. डी-३ मध्ये पेटीच नाही. सबब आमचा शोध वेगळा आहे.” तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांतल्या एकातही नाही. परीक्षकांनी कधी म्हटलंच नव्हतं की डी-१ मध्ये पडदा आहे. त्यांचं म्हणणं असं: डी-१ समोर असलेल्या माणसाला पंख्याचा खर्च आणि बिघाड टाळायचा असेल, तर तो डी-२ मधला पडदा उचलेल, आणि सेन्सर वर लावेल. तीन कागद एकेकटे झोडपून ही जोडणी मोडत नाही.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः असंच उत्तर लिहिलं होतं. डावीकडे क्लेमचे घटक, उजवीकडे दस्तऐवज, हिरव्या-लाल खुणा, तीन पानांचा तक्ता. सुनावणीत समोरच्या अधिकाऱ्यांनी तो तक्ता शांतपणे पाहिला आणि एकच विचारलं, “हे दोन जोडायला कुणाला काय अडचण होती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न मी अशिलाला कधी विचारलाच नव्हता. अर्ज नाकारला गेला. त्यानंतर तक्ता मी फक्त नावीन्याच्या आक्षेपासाठी करते.

नावीन्यात तुलना कागदाशी असते. इन्व्हेंटिव्ह स्टेपमध्ये तुलना माणसाशी असते. कायदा त्याला त्या कलेतला जाणकार म्हणतो. तो नोबेल मिळवणारा नाही आणि नवशिकाही नाही. माझ्या डोळ्यांसमोर भोसरीच्या कारखान्यात दहा वर्षं पेट्या, गॅस्केट, कूलंटच्या (थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळ्या यांत काढलेला डिझाइन इंजिनीअर येतो. अर्जाच्या तारखेआधी जगात जे जे प्रसिद्ध झालं ते सगळं त्यानं वाचलंय असं धरायचं. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका, वर साचतो, म्हणून सेन्सर वर लावायचा, हे सांगायला त्याला डी-३ लागतच नाही. प्रश्न एवढाच: डी-१ घेऊन बसलेला हा माणूस, तुमचा अर्ज न बघता, तुमच्या पेटीपर्यंत पोचला असता का? आणि पोचायला त्याच्याकडे कारण होतं का?

आपल्याकडे याचा पाया घालणारा निकाल भांड्यांचा आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. भांडं खरवडून साफ करताना लेथवर कसं धरायचं, याचं ते पेटंट होतं. न्यायालयानं सांगितलं की जुन्या गोष्टींची जोड ही कारखान्यात कुणीही करील अशा सुधारणेच्या पलीकडे गेली पाहिजे, आणि पेटंट टिकलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये केएसआर प्रकरणात वर-खाली सरकवता येणारं पेडल आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांच्या जोडीबद्दल असाच कल दाखवला. तो आपल्यावर बंधनकारक नाही, तरी वाचण्यासारखा आहे. शिवाय आपल्या कायद्यात कलम ३(एफ) आहे: आधीच माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली, प्रत्येक आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोधच नव्हे. पेटी पाणी अडवते, पडदा वायू सोडतो, सेन्सर मोजतो, आणि कुणाचा कुणाशी संबंध नाही. आमच्या रचलेल्या क्लेमवर हे कलमही लागू शकतं.

परीक्षकांचीही एक चूक मला मुळीच खपत नाही. तुमचा अर्ज वाचून झाल्यावर त्याचे तुकडे शोधायला निघालं तर ते सापडणारच. प्रेशर कुकर समोर ठेवून मग रिंग, शिट्टी आणि झाकण तीन दुकानांत शोधणं सोपं असतं. जोडायचं कारण न सांगता ‘डी-१ अधिक डी-२ वरून उघड आहे’ असं एक वाक्य लिहून अर्ज फेटाळणं बरोबर नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड प्रकरणात हे ठणकावून सांगितलं: पूर्वज्ञानात काय आहे, अर्जात काय आहे, आणि एकातून दुसरं जाणकाराला कसं उघड ठरतं, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. तिसरी गोष्ट अहवालात नसेल तर उत्तरात तसं स्पष्ट म्हणा. पण ती असेल, तर तिलाच उत्तर द्या.

मग ती जोडणी मोडायची कशानं? वरच्या पेटीतच पाहू. पडदा लावल्यावर संशोधकाला असं दिसलं की रात्री गाडी थंडावली की आतल्या दमट हवेतलं पाणी नेमकं पडद्याच्या आतल्या बाजूला जमतं. पाण्याचा तो पातळ थर छिद्रं बंद करतो आणि हायड्रोजन आतच अडकतो. बॅटरीच्या पेटीत ही अडचण अशी येत नाही, कारण बॅटरी पाणी तयार करत नाही, फ्युएल सेल करतो. म्हणजे डी-२ मधला पडदा जसाच्या तसा आणून काम होत नाही. संशोधकानं स्टॅककडून परतणाऱ्या गरम कूलंटची नळी पडद्याच्या चौकटीला लागून फिरवली. स्टॅक ६० ते ८० अंशांवर चालतो, ती फुकटची ऊब पडदा कोरडा ठेवते; गाडी सुरू होताच थर उडून जातो. आणि समजा, डी-१ मध्ये कूलंटची नळी व्हेंटपासून लांब ठेवायचा सल्ला आहे. आता जाणकार डी-१ आणि डी-२ जोडून बसला तरी त्याच्या हातात तुंबणारा पडदा येतो, आणि डी-१ त्याला उपायाच्या उलट दिशेला नेतो. इथं नळी आणि पडदा एकमेकांच्या कामात उतरलेत, त्यामुळे ३(एफ) सुद्धा मागे पडतं. हे खरं उत्तर. त्यात ‘जगात पहिल्यांदाच’ हे शब्द कुठंही लागले नाहीत.

‘आमची पेटी चाळीस टक्के स्वस्त आहे’ असाही एक युक्तिवाद येतो. इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या व्याख्येत ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द आहेत, त्यांवर लोक भिस्त ठेवतात. वाक्य पूर्ण वाचा: तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि जाणकाराला उघड नसणं. तो ‘आणि’ ओलांडून जाता येत नाही. स्वस्ताई उघड मार्गानं आली असेल तर तिचा उपयोग नाही.

आणखी एक बारकावा, एजंटांसाठी. तुमच्या आधी दाखल झालेला पण तुमच्या तारखेनंतर प्रसिद्ध झालेला भारतीय अर्ज, त्याच्या क्लेममध्ये तीच गोष्ट असेल तर, तुमचं नावीन्य घालवू शकतो. इन्व्हेंटिव्ह स्टेपसाठी मात्र तो डी-१ शी जोडता येत नाही, कारण त्या तारखेला तो कुणाला वाचताच आला नसता. अहवालात अशी जोडणी दिसली तर आधी तारखा तपासा.

उत्तराला सहा महिने असतात, मागितल्यास आणखी तीन. वेळ पुरेसा असतो. कमी पडतो तो मूळ अर्ज. कलम ५९ प्रमाणे क्लेम नंतर आवळता येतात, पण पहिल्या दिवशी दाखल केलेल्या कागदांत जे नव्हतं ते आत घालता येत नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी मी संशोधकाकडे फसलेल्या चाचण्यांची वही मागते. तुंबलेल्या पडद्याचा फोटो, त्या रात्रीचं तापमान, नळी कुठं कुठं फिरवून पाहिली त्याची रेखाटनं. लोक ती वही द्यायला लाजतात आणि चकचकीत प्रेझेंटेशन पाठवतात. मग एफईआर आल्यावर मी जुना अर्ज उघडते. आकृती ३ मध्ये पडद्याच्या चौकटीला लागून गेलेली नळी स्पष्ट दिसत असते, तिला आकडाही दिलेला असतो. ती तिथं का आहे, याबद्दल बावीस पानांत एक ओळ नसते.