बारावीचे मार्क कुठे गेले? मेडिकल प्रवेशातल्या गुणांची पार्श्वभूमी

मेडिकलच्या प्रवेशअर्जात बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे (पीसीबी) गुण आजही भरावे लागतात. खुल्या प्रवर्गाला तिन्ही मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. तेवढे भरले की बारावीचं काम संपलं. पीसीबीला ९८ टक्केवाला आणि ५२ टक्केवाला या टप्प्यावर शेजारी शेजारी उभे राहतात, पुढचं सगळं नीट या देशव्यापी प्रवेशपरीक्षेच्या ७२० गुणांवर ठरतं. घरातले आजोबा मात्र निकालाच्या दिवशी अजूनही "ग्रुपला किती पडले?" असंच विचारतात. त्यांच्या काळी मेडिकल खरोखरच ग्रुपवर, म्हणजे या तीन विषयांच्या एकत्र गुणांवर ठरायचं.

त्याहीआधी ते इंटर सायन्सच्या, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या, बी ग्रुपवर (बायोलॉजीच्या गटावर) ठरायचं. सत्तरच्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि ती जागा बारावीने घेतली. तीन तासांचा पेपर, दोऱ्याने बांधलेल्या पुरवण्या, कुठल्या तरी गावातल्या अनोळखी तपासनिसाच्या हातात गेलेला गठ्ठा. आकृतीला साडेतीन द्यायचे की चार, हे त्याच्या मनावर. प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे, आणि ते कॉलेजातच पडायचे. या अर्ध्या-एक मार्काच्या फरकावर कोणी डॉक्टर व्हायचं, कोणी बी.एस्सी.ला जायचं. 'एका मार्काने मेडिकल गेलं' असं सांगणारा एक तरी काका किंवा मावशी बहुतेक मराठी घरांत सापडते. लातूर पॅटर्नचा दबदबा याच काळात वाढला. पॅटर्नमागचं कोडं अवघड नव्हतं: बोर्डाचा पेपर जसा असतो तसाच पेपर मुलांकडून इतक्या वेळा सोडवून घ्यायचा, की परीक्षेच्या हॉलमध्ये नवं काही उरू नये.

बारावीच्या मार्कांवर पहिला खरा आक्षेप आला तो तपासणीमुळे नाही, तुलनेमुळे. एका बोर्डाचे ८५ आणि दुसऱ्याचे ८५ सारखेच कसे मानायचे? १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या जागा फक्त राज्यातल्या रहिवाशांसाठी ठेवण्याला चाप लावला. पुढे १९८६ मध्ये दिनेश कुमार प्रकरणात एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यासाठी ठरल्या. आता देशभरातली मुलं एका यादीत लावायची तर वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क चालणार नव्हते. म्हणून १९८८ पासून सीबीएसईने एआयपीएमटी ही अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा घ्यायला सुरुवात केली. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांनी हेच तत्त्व राज्यांनाही लावलं: जिथे एकाहून जास्त बोर्डं, तिथे प्रवेशपरीक्षा घ्या. महाराष्ट्रात राज्य मंडळाबरोबर सीबीएसई आणि आयसीएसईचीही मुलं होतीच. नव्वदचं दशक सरता सरता आपल्याकडे सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा, आली.

सीईटीने अभ्यासाची चालच बदलली. २०० प्रश्न, २०० गुण, त्यात निम्मं बायोलॉजी, आणि चुकीच्या उत्तराला वजाबाकी नाही. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं उत्तरं शोधायची नसतच. उरलेले सगळे गोळे एकाच पर्यायाचे धरून काळे करत सुटायचं, चारात एक तरी लागेल म्हणून. पुरवण्यांमध्ये सुबक आकृत्या काढणाऱ्या मुलाला या खेळात काहीच भाव नव्हता. बारावी फक्त पास होण्यापुरती उरली, असं क्लासवाले तेव्हाच सांगू लागले, आणि तेव्हापासून अकरावी-बारावीचे वर्ग ओस पडत गेले. याचं खापर नीटवर फोडतात ते मला तरी पटत नाही. सुरुवात सीईटीने केली होती.

खासगी कॉलेजांच्या संघटनेची 'असो-सीईटी' वेगळी, एआयपीएमटी वेगळी, अभिमत विद्यापीठांची आणखी वेगळी. एक मूल उन्हाळ्यात चार-पाच परीक्षांना बसायचं. यावर उपाय म्हणून डिसेंबर २०१० मध्ये नीटची अधिसूचना निघाली, ५ मे २०१३ ला पहिली नीट झाली आणि त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रद्द ठरवली. महाराष्ट्र पुन्हा सीईटीवर आला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि २८ तारखेला आदेश दिला की याच वर्षीपासून नीट. महाराष्ट्राची सीईटी ५ मे रोजी ठरलेली होती. दोन वर्षं राज्य मंडळाचं पुस्तक घोकलेल्या मुलांनी ती परीक्षा, हिचा काही उपयोग होणार का हे ठाऊक नसताना, दिली. २४ मे रोजी केंद्राचा वटहुकूम आला आणि राज्याच्या कोट्यातल्या जागा त्या एका वर्षापुरत्या सीईटीसाठी वाचल्या. २०१७ पासून मात्र नीटला पर्याय राहिला नाही. त्या वर्षी पेपर मराठीतही मिळाला, पण प्रादेशिक भाषांतले प्रश्न इंग्रजीहून वेगळे निघाले आणि तुलनेचं जुनंच भांडण परत न्यायालयात गेलं.

नीटमधला सगळ्यात मोठा बदल मात्र फारसा कोणी लक्षात घेतला नाही. आधीच्या नियमांत प्रवेशपरीक्षेतही ५० टक्के गुण लागत. नीटमध्ये टक्क्यांच्या जागी पर्सेंटाइल आला. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणं. निम्मे गुण मिळवणं नव्हे. २०२२ मध्ये खुल्या प्रवर्गाची ही रेषा ७२० पैकी ११७ वर आली, म्हणजे सुमारे १६ टक्के. एवढ्या गुणांत सरकारी कॉलेज स्वप्नातही मिळत नाही. पण खासगी कॉलेजातल्या महागड्या जागेसाठी मूल पात्र ठरतं. गुणांची रेषा खाली गेली की तिथे फीची रेषा सुरू होते. 'पात्र झालो' आणि 'लागलो' या दोन शब्दांतलं अंतर पालकांना पहिल्या फेरीची यादी लागल्यावरच कळतं.

मार्क एकच आणि नशीब वेगळं, हा अनुभव महाराष्ट्राला आणखी एका कारणाने होता. ७०:३० च्या सूत्रात ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी असायच्या. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तिथला कटऑफ चढा. उर्वरित महाराष्ट्रातल्या मुलाला ज्या गुणांवर जागा मिळायची, त्याच गुणांवर नांदेड-बीडचा मुलगा बाहेर राहायचा. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं.

२०२४ च्या निकालात आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० दाखवले गेले. ग्रेस गुण आणि एका वादग्रस्त प्रश्नाची फेरतपासणी झाल्यावर ते १७ वर आले. पुढच्याच वर्षी फिजिक्स इतकं अवघड निघालं की देशात पहिला आलेल्याचे गुण ६८६ होते. म्हणून २०२४ चा कटऑफ हाती धरून २०२५ च्या मुलाने आपली जागा शोधली तर तो पार फसला. क्लासच्या फलकांवर अजून गुणच मोठ्या अक्षरांत छापतात. कौन्सेलिंगच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न असतो, 'ऑल इंडिया रँक किती?' आणि दोघांचे गुण तंतोतंत सारखे असले तर आधी बायोलॉजी बघतात, मग केमिस्ट्री. काही वर्षं तर तिथेही निकाल लागला नाही की जन्मतारीख पाहून वयाने मोठ्याला वर घेत.