खाण नसलेल्या मुलखातले कोळशाचे फाटे

जयगडला रेल्वे येणार, ही बातमी रत्नागिरी-संगमेश्वरकडे आता कुणी फारशी मनावर घेत नाही. २०१५ च्या सुमारास कोकण रेल्वे, बंदर कंपनी आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांनी मिळून डिंगणीपासून जयगड बंदरापर्यंत सुमारे ३४ किलोमीटरचा फाटा टाकायचं ठरवलं. तेव्हापासून आंब्याचे कितीतरी हंगाम आले नि गेले, फाटा कागदावरच आहे. जयगडचा औष्णिक वीजप्रकल्प मात्र उभा राहिला, चालूही झाला. ३०० मेगावॅटचे चार संच, सगळे दगडी कोळशावर. रेल्वेचा एक रूळ जवळपास नसताना एवढा कोळसा येतो कुठून, तर समोरच्या समुद्रातून. जहाज धक्क्याला लागतं, कोळसा उतरतो आणि सरकत्या पट्ट्यावरून थेट प्रकल्पात जातो.

कोकणात कोळशाची वाट नेहमी अशी उलटीच राहिली आहे. ती का, हे कळायला आधी खाणीचा फाटा म्हणजे काय ते बघावं लागतं, आणि त्यासाठी सह्याद्री ओलांडून पार वऱ्हाडापलीकडे जावं लागतं.

वरोरा म्हटलं की आज आनंदवन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७० च्या दशकात, वरोऱ्याची ओळख सरकारी कोळसा खाण अशी होती. त्या वेळी 'जीआयपी'ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीची) इंजिनं बऱ्याच अंशी विलायतेहून मुंबईला उतरलेल्या कोळशावर चालायची. हा कोळसा घाट चढवून आत न्यायचा, म्हणजे इंजिनाचं खाणं वाहण्यातच इंजिनाची निम्मी ताकद जायची. मुंबईहून निघालेली लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. तिच्यावरच्या वर्ध्यापासून अवघ्या ४५ मैलांवर जमिनीखाली कोळसा आहे म्हटल्यावर सरकारने स्वतःच तिकडे रूळ टाकले. त्या लाईनचं नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असं होतं. नावात गाव एक आणि माल एक, प्रवाशाचा पत्ता नाही. तिकडे बंगालमध्येही तेच झालं होतं. हावड्याहून निघालेली गाडी १८५५ मध्ये राणीगंजला पोचली, ती कुणाला राणीगंजला जायचं होतं म्हणून नव्हे.

जुन्या खाणीचा साईडिंग, म्हणजे माल भरायचा फाटा, जमिनीच्या उताराशी जमवून आखलेला असायचा. रिकाम्या वाघिणी (मालडबे) इंजिनाने ढकलून वरच्या अंगाला नेऊन ठेवायच्या. मग इंजिनाचं काम संपलं. माणूस एकेका वाघिणीचा ब्रेक सैल करणार, वाघीण आपल्या वजनाने घरंगळत कोळशाच्या घसरगुंडीखाली येणार, ब्रेक पुन्हा आवळायचा, भरायची, सोडायची. भरलेल्या वाघिणी खालच्या अंगाला एकामागे एक उभ्या राहायच्या, तिथून काट्यावर वजन आणि मग मुख्य लाईन. मुख्य लाईनला जिथे फाटा मिळतो तिथल्या सांध्याच्या (रूळ बदलायच्या जागेच्या) अलीकडे आणखी एक सांधा मुद्दाम ठेवतात. साईडिंगमधली वाघीण चुकून सुटलीच तर ती इथे रुळावरून घसरते. मेल गाडीच्या वाटेत जाऊन उभी राहण्यापेक्षा मातीत रुतलेली बरी, हा त्यातला हिशोब. आता चंद्रपूर-वणी पट्ट्यात मोठ्या सायलोखालून (कोळशाच्या उंच कोठाराखालून) अख्खा रेक हळूहळू पुढे सरकतो आणि वरून कोळसा ओतला जातो. रेक म्हणजे साधारण ५८ वाघिणी, साडेतीन-चार हजार टन माल. ठरलेल्या तासांत भरून झाला नाही तर घड्याळाप्रमाणे डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागू होतं. वाघीण दीडशे वर्षांत बरीच बदलली, तासांवरून होणारी भांडणं तीच राहिली.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. रूळ मात्र कुणी उखडले नाहीत, उलट ते पुढे चंद्रपूर-बल्लारपूरकडे वाढत गेले. १९२९ च्या सुमारास बल्लारशा ते काझीपेट हा दुवा जोडला गेला आणि कोळशासाठी टाकलेला आडफाटा दिल्ली-मद्रास हमरस्त्याचा भाग झाला. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली ती याच वाटेने, आणि सुरुवातीला ती पेशावरहून मंगळूरपर्यंत जायची. म्हणजे कोळशाच्या फाट्याच्या पुण्याईने थेट पेशावरहून निघालेली गाडी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला पोचत होती, त्या काळात रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायला बोटीच्या भोंग्याची वाट बघत होता.

कोकणात दगडी कोळसा नाही. रत्नागिरीजवळ जांभ्याखालच्या चिकणमातीत लिग्नाइटचे पातळ थर सापडल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी केली आहे, पण त्यावर खाण उभी राहावी असं काही नव्हतं. आमच्याकडे नुसतं 'कोळसा' म्हटलं तर तो लाकडाचाच. जमिनीतला असेल तर पुढे 'दगडी' लावावं लागतं. रायगडच्या जंगलपट्ट्यात ठेकेदार कातकऱ्यांकडून भट्ट्या लावून घ्यायचे आणि पोती मुंबईकडे जायची. थोडक्यात, कोकण कोळसा पाठवत होता, पण तो रूळ मागणारा नव्हता. त्याला डोकं, बैलगाडी आणि गलबत पुरत होतं.

दगडी कोळसा कोकणी माणसाने पाहिला तो आगबोटीच्या धुरात. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जाणाऱ्या बोटींची कोठारं मुंबईतच भरली जात. रे रोडच्या बाजूला 'कोल बंदर' हे नाव अजून टिकून आहे. विलायती कोळसा आणि नंतर कलकत्त्याहून समुद्रमार्गे आलेला बंगाली कोळसाही मुंबईच्याच धक्क्यांवर उतरायचा. पावसाळ्यात बोटी बंद, मग सगळंच बंद.

कोकणात रेल्वे उशिरा का आली, याचं उत्तर आपल्याकडे डोंगर-दऱ्या-नद्या असं द्यायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. बोरघाट काही कमी अवघड नव्हता. ३७ फुटांना एक फूट चढ, मधे गाडीचं तोंड फिरवायला लावणारं रिव्हर्सिंग स्टेशन, आणि तरीही तो १८६३ मध्ये सुरू झाला. कारण घाटाच्या वर कापूस होता. कोकणच्या डोंगरापलीकडे असं गिऱ्हाईक नव्हतं. इथून जायची ती माणसं, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत. माणसांसाठी रूळ टाकायला तेव्हाच्या कंपन्या तयार नव्हत्या, बोटी होत्याच.

दक्षिणेला गोव्यात चित्र वेगळं दिसतं. तिथे १८८० च्या दशकातच मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत घाट चढून लाईन गेली, कारण मुरगावला बंदर करायचं होतं आणि बंदराला मुलूख हवा होता. किनाऱ्यावर आधी बंदर, मग त्याच्यासाठी रूळ, हा क्रम तेव्हापासूनचा. दीडशे वर्षांपूर्वी माल वरून खाली यावा म्हणून आखलेल्या या लाईनवरून आता आयात कोळसा मुरगावहून वर चढतो, बेळ्ळारी-होस्पेटकडच्या पोलाद कारखान्यांसाठी. वास्कोतल्या घरांवर बसणाऱ्या काळ्या पुडीवरून आणि दुपदरीकरणावरून तिथे 'गोंयांत कोळसो नाका' हे आंदोलन उभं राहिलं. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदरला लोक रात्रभर रुळांवर जमले होते. २०२२ मध्ये तिनईघाट-कुळे भागातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. जयगडच्या फाट्याबद्दल बोलताना आपल्याकडे कुणी ना कुणी हमखास वास्कोचं नाव घेतं, ते यामुळे.

उत्तर कोकणात रूळ आले ते तुकड्या-तुकड्यांनी. दिवा-पनवेल-आपटा हा भाग १९६० च्या दशकातला, आणि आपटा ते रोहा १९८६ मध्ये. याच काळात समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचा वायू किनाऱ्याला लागला आणि अलिबागजवळ थळला आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा) खत कारखाना १९८५ मध्ये उभा राहिला. कारखान्याला कच्चा माल पाइपातून मिळत होता, पण तयार युरिया देशभर जायचा तर वाघिणी हव्यात. म्हणून पेणहून थळपर्यंत कारखान्याचा स्वतःचा फाटा झाला. (हे थळ वेगळं आणि कसाऱ्याचा थळघाट वेगळा. रेल्वेच्या इतिहासात दोन्ही एकाच पानावर आले की नवख्याची गाडी हमखास चुकते.) माझ्या मते कोकणातला सगळ्यात बोलका फाटा हाच. मालगाडी अलिबागच्या वेशीपर्यंत गेली, प्रवासी गाडी काही गेली नाही. याच रुळांवरून अलिबागला लोकल आणावी ही मागणी जुनी आहे. रेल्वे आणि कारखाना यांच्यात त्यासाठी करारही झाला. अलिबागकर आजही मांडव्याची बोट नाहीतर पेणची एसटी पकडतात. यात आश्चर्य वाटायला नको. खासगी साईडिंगचा खर्च मालकाचा, देखभालीचा बोजाही मालकावर, आणि सिग्नल, फलाट, वेग यांची तयारी मालगाडीपुरतीच. पोत्याला फलाट लागत नाही.

जवळच डोलवीला पोलाद कारखाना आला. तिथे कच्चा माल धरमतरच्या खाडीतून येतो. मोठं जहाज जयगडला रिकामं करायचं, तिथून छोट्या जहाजांनी किनाऱ्या-किनाऱ्याने वर यायचं आणि भरतीची वेळ साधून खाडीत शिरायचं. जयगड ते धरमतर ही वाट गलबतवाल्यांना नवी नाही, फक्त नारळ-सुपारीच्या जागी कोळसा आणि लोहखनिज आलं. तळकोकणात रेडीच्या लोहखनिजाच्या खाणींनाही रूळ कधी लागले नाहीत. खनिज ट्रकने बंदरावर, बार्जने खोल पाण्यात उभ्या बोटीपर्यंत, आणि पावसाळ्यात सुट्टी. सावंतवाडी-मडुऱ्यावरून रेल्वे गेली तेव्हा रेडीला फाटा निघेल असं बोललं जायचं. अंतर फार नाही, पण समुद्र त्याहून जवळ आहे.

कोकण रेल्वेचा आग्रह संसदेत बॅरिस्टर नाथ पै यांनी धरला, पुढे मधु दंडवत्यांनी. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना महामंडळ स्थापन झालं. भागभांडवल केंद्राचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळचं ६-६, उरलेला खर्च रोखे काढून. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावली. चढ १५० ला एक यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं आखणीतच ठरलं होतं. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यामागे हाच हट्ट आहे. असा सपाट मार्ग आखतात तो जड मालगाड्यांच्या आशेनेच. रोख्यांचं व्याज नुसत्या गणपतीच्या गर्दीवर फिटणार नव्हतं.

आशा होती, पण साईडिंग कुठे होते? वाटेवर ना खाण, ना गिरणी. माल होता तो ट्रकमध्ये, शेजारच्या मुंबई-गोवा महामार्गावर. मग २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णे अख्खे ट्रकच सपाट वाघिणींवर चढवायला सुरुवात झाली. कोलाडला हे एकदा बघण्यासारखं आहे. ट्रक आधी लोखंडी चौकटीखालून जातो, उंची बसली तरच पुढे. मग एका टोकाने रेकवर चढून एकेक ट्रक वाघिणीवरून वाघिणीवर पुढे सरकत जातो, चाकांना ओंडके लागतात, साखळ्या आवळल्या जातात. ड्रायव्हर खाली उतरत नाही. केबिनमध्येच लुंगी लावून, डबा उघडून, बोगद्यांच्या अंधारातून गोव्याला पोचतो. फाटा ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी रेल्वेने स्वतःच रस्त्याला फाटा काढून दिला, असं म्हणायला हरकत नाही. खरा कोळशाचा साईडिंग या मार्गावर भेटतो तो पार दक्षिणेला पडुबिद्रीजवळ. तिथल्या वीजप्रकल्पासाठी नव मंगळूर बंदरातून रेक येतात. म्हणजे तिथेही आधी समुद्रच.

गंमत अशी की कोकण रेल्वेने स्वतः कोळसा कधीच जाळला नाही. ती जन्मली तीच डिझेलच्या जमान्यात. २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण पूर्ण झालं.

उरला जयगडचा प्रश्न. जोपर्यंत कोळसा जहाजातून उतरून तिथेच जळतो आहे, तोपर्यंत प्रकल्पाला रुळांची निकड नाही. फाटा हवा आहे तो बंदराला, घाटमाथ्यावरचं गिऱ्हाईक गाठायला. पण डिंगणीपर्यंत रूळ गेले तरी पुढे सह्याद्री उभाच आहे. कऱ्हाड-चिपळूण आणि कोल्हापूर-वैभववाडी यांपैकी एक तरी जोडमार्ग झाल्याशिवाय जयगडला उतरलेल्या मालाला वर जायला पनवेल नाहीतर मडगावचा वळसा आहे. तोवर निवळीच्या रस्त्यावरून ट्रक चालू राहतील. वीज मात्र केव्हाच घाट चढून गेली आहे. जयगडहून निघालेल्या ४०० केव्हीच्या दोन वाहिन्या, एक नव्या कोयनेला आणि एक कऱ्हाडला. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला गेलात तर त्यांचे मनोरे डोंगरधारेवर एकामागे एक उभे दिसतात.