बेचकीचं रबर कुठून तुटतं?

एक रुंद रबरबँड वरच्या ओठाला टेकवा आणि झटकन ताणा. ओठाला ऊब जाणवेल. ताणलेलाच थोडा वेळ धरून ठेवा, मग सैल सोडून लगेच पुन्हा ओठाला लावा. आता गार लागेल. (मध्येच निसटला तर काय लागेल, ते वेगळं सांगायला नको.)

रबराचे लांबलचक रेणू एरवी शेवयांसारखे गुंतलेले असतात. ताणलं की ते सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंत्यात शिरतात. या परतीच्या ओढीवर बेचकी चालते. चिकाच्या कच्च्या रबराला हे नीट जमत नाही. ते उन्हात चिकट होतं, थंडीत कडक पडतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक घालून रबर तापवलं, तेव्हा रेणूंना एकमेकांशी गाठी बसल्या आणि टिकाऊ रबर मिळालं. म्हणून गोफण हजारो वर्षांची, पण बेचकी मात्र अगदी अलीकडची.

लहानपणी आम्ही दुबेळक्याला, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या फांदीला, सायकलची ट्यूब कापून बांधायचो आणि दगड जवळच पडला की फांदीला दोष द्यायचो. दोष ट्यूबचा होता. आजच्या बहुतेक ट्यूबा ब्यूटाइल रबराच्या असतात. हवा धरून ठेवायला ते उत्तम, पण परत यायला सुस्त. ताणताना दिलेली बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. नेमबाजीच्या बेचकीला नैसर्गिक लेटेक्सच्या पट्ट्या लावतात, त्या याच कारणाने.

अशा बेचकीतून हरभऱ्याएवढा, 8 मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला 60 मीटर वेगाने सुटू शकतो. वजन जेमतेम 2 ग्रॅम, पण ऊर्जा पावणेचार ज्यूल, म्हणजे एक किलोचं माप सव्वा फुटावरून पडावं इतकी. तीही एका टिचभर जागेवर. डोळा वाचत नाही.

धोका फक्त समोरच्याला असतो असं नाही. पट्टी छर्रा धरणाऱ्या चामड्याजवळ तुटली तर ती पुढे, दुबेळक्याकडे झेपावते. दुबेळक्याजवळच्या बांधणीपाशी तुटली तर मात्र गालाशी ओढलेल्या हाताकडे, म्हणजे थेट तोंडावर येते. तेव्हा दर वेळी आधी ती बांधणी पाहायची. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी लेटेक्सला बारीक चिरा पडतात. चीर दिसली की पट्टी बदलायची, गाठ मारून काम भागवायचं नाही. आघात सोसणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवाच. रिकामी बेचकीही ताणून सोडू नये. छर्रा नसला की सगळी ऊर्जा पट्टीतच राहते आणि ती हातावर सपकन बसते.

लक्ष्यामागे भिंत नको, पोलाद तिच्यावरून उलटं येतं. खोक्यात जुना टॉवेल सैल लोंबकळता टांगा. कापड मागे सरकत सरकत वेग खातं आणि छर्रा खाली टपकतो. ताणून बांधलेलं कापड त्याला परत फेकतं. दहा मीटरवरून एवढी तयारी पुरते, पण नेम वर गेला तर छर्रा शंभर मीटरच्याही पुढे जातो, म्हणून खोक्यामागे माणसांची वाट नसावी. पक्ष्यांवर नेम धरण्याचा तर प्रश्नच नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यात वन्य प्राण्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच.

खेळ संपला की टॉवेलखालचे छर्रे मोजायचे. दहा सोडले आणि नऊच सापडले, तर दहावा कुठे गेला ते कळेपर्यंत पुढची फेरी नाही.