पाण्याला वेळ नको, भिंत जवळ हवी

"मामा, पंप अजून हळू करून बघते. पाणी इतकं सुसाट पळतंय की त्याला उष्णता घ्यायला वेळच मिळत नसणार."

माझी भाची त्रिमितीय ॲनिमेशन करते. तिच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड होतं आणि ती सगळी जोडणी तिने स्वतः केली आहे. दोन वर्षं सुरळीत चाललेलं हे प्रकरण गेल्या महिन्यात बिनसलं. फिरणारं पाणी ३८ अंशांवर, पण चिप ७९ वर. तिने पंप निम्म्यावर आणला, तर चिप ८३ वर गेली. तरी सिद्धांत शाबूत. म्हणे, अजून हळू करायला हवं!

या सिद्धांताला मानणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचं म्हणणं वरवर पटतंही. चिपजवळ जास्त वेळ थांबलेलं पाणी जास्त तापेल, यात वाद नाही. पण आपल्याला पाणी कुठे तापवायचंय? आपल्याला चिप निववायची आहे.

बांधकामावर घमेली हातोहात पुढे देणारी माणसांची रांग आठवा. प्रत्येक घमेलं शिगोशीग भरेपर्यंत रांग थांबवून धरली, तर घमेली जड होतील, ढिगारा मात्र लवकर हलणार नाही. उष्णतेच्या घमेल्याला तर आणखी एक खोड आहे. ते जसजसं भरत जातं, तसतशी त्यात पुढची उष्णता जायला कुरकुरते, कारण उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकामुळे, आणि पाणी तापलं की तो फरकच आटतो.

आता आकडे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे कार्ड घेऊ. त्याची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. तीत ७,६०० कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर. कार्डाची वीज ४५० वॅटपर्यंत जाते आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. थोडा वाटा मेमरी आणि वीज पुरवणाऱ्या भागांचा सोडला, तरी चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधून ५०-६० वॅट बाहेर पडतात. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तिथे हा आकडा ५ येतो. म्हणजे चिप ही इस्त्रीच्या दहापट तीव्रतेने उष्णता ओकते, आणि तिने मात्र इस्त्रीइतकं तापायचं नाही, अशी आपली अट!

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ४५० वॅट पोटात घेऊनही ते फक्त १.६ अंशांनी तापतं. पंप निम्मा केला तर ३.२ अंशांनी. पाणी आधी कार्डातून न्यावं की आधी प्रोसेसरमधून, यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी हा दीड अंश लक्षात ठेवावा.

सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतलं, तर पाणी सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. दिलेल्या उष्णतेचा बराचसा भाग ही पकड सैल करण्यातच खर्च होतो, म्हणून पाणी सावकाश तापतं. हे बंध एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आगेमागे तुटतात आणि नव्याने जुळतात. पाण्याला 'स्मृती' असते असं सांगून बाटल्या विकणाऱ्यांनी हा आकडा बाटलीवर छापावा. संगणकासाठी चकाकत्या रंगांची 'खास' द्रव्यं विकणारे त्यांचेच चुलतभाऊ. त्यांतली गंजरोधक आणि शेवाळरोधक रसायनं उपयोगी असतात, पण उष्णता वाहून नेण्यात साध्या शुद्ध पाण्याच्या वर काही जात नाही. उलट ग्लायकॉल घातलं की ती क्षमता कमीच होते.

अर्थात पाणी उष्णता फक्त हलवतं. शेवटी ती खोलीतल्या हवेलाच द्यावी लागते. लिटरभर पाणी नुसतंच फिरवत ठेवलं, तर ४५० वॅटवर ते ३० अंशांपासून अकरा मिनिटांत उकळायला लागेल. त्यासाठी रेडिएटर. (नाव फसवं आहे. त्यातून प्रारणाने जाणारी उष्णता किरकोळ, सगळं काम पंख्याच्या हवेचं.) त्यामुळे पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. आणि गंमत म्हणजे 'हवेने थंड होणाऱ्या' कार्डांतही पाणी असतंच. त्यांच्या तांब्याच्या बंद नळ्यांत बहुधा थोडंसं पाणी कमी दाबाखाली ठेवलेलं असतं. चिपपाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती पुन्हा पाणी होते.

पण आमच्या घरच्या कोड्याचं उत्तर यात नव्हतं. पाणी ३८ वर होतं, याचा अर्थ रेडिएटर आपलं काम चोख करत होता. अडथळा चिप आणि पाणी यांच्या मधे होता. आणि मला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत देखणा वाटणारा भाग नेमका तिथेच आहे.

पाणी उष्णता साठवायला उत्तम, पण आतल्या आत पुढे पोहोचवायला अगदी मंद. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर पाण्याची ०.६ (एकक दोन्हींना तेच: वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). तापलेल्या भिंतीला चिकटून असलेला पाण्याचा थर जवळजवळ हलतच नाही. याला सीमास्तर म्हणतात. मधल्या धारेतलं पाणी कितीही गार असलं, तरी उष्णतेला आधी हा थर रेणूरेणूंतून ओलांडावा लागतो. निश्चल पाण्यात उष्णतेला ५ मिलिमीटर जायला किती वेळ लागतो? अंतराचा वर्ग करा आणि त्याला ०.१४५ ने भागा. उत्तर सेकंदांत मिळतं: जवळपास तीन मिनिटं! तेच अंतर ०.१ मिलिमीटर असेल, तर सेकंदाचा फक्त सात शतांश.

पुन्हा वाचा. अंतर ५० पट घटलं आणि वेळ २,५०० पट. हा वर्गाचा नियम इतका उदार आहे की त्याच्यापुढे पंपाची मिजास चालत नाही. भाचीला पाण्यासाठी जो वेळ हवा होता, तो पंप मंदावून मिळवायचा नसतोच. भिंत जवळ आणली की तेवढ्या वेळाची गरजच उरत नाही.

म्हणून चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यात, म्हणजे वॉटर ब्लॉकमध्ये, कागदासारखी पातळ पाती कोरलेली असतात. भाचीच्या ठोकळ्यात मी पन्नासएक मोजली. ३ मिलिमीटर उंच, ३० मिलिमीटर लांब, मधल्या खाचा साधारण ०.२ मिलिमीटरच्या. दोन्ही बाजू धरून पात्यांचं क्षेत्रफळ ९० चौरस सेंटिमीटर होतं, चिपच्या जवळजवळ पंधरापट. आणि खाचेतल्या पाण्याचा कुठलाही कण तांब्यापासून ०.१ मिलिमीटरपेक्षा दूर नसतो.

आता जरा किचकट भाग. नळीतून येणारं पाणी खळाळत येतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं होतं की प्रवाह कधी सरळ थरांनी वाहतो आणि कधी विस्कटतो. त्यांच्या नावाचा जो अंक आहे (वेग आणि वाटेची रुंदी जितकी जास्त, द्रव जितका पातळ, तितका तो मोठा), तो नळीत सुमारे २,००० च्या वर गेला की प्रवाह विस्कटू लागतो. १० मिलिमीटरच्या नळीत आपल्या ४ लिटरना हा अंक १२,००० च्या वर असतो, तर खाचांमध्ये २,००० च्या बराच खाली. म्हणजे खाचेत शिरताच पाणी शिस्तीत, थराथरांनी चालू लागतं. असा प्रवाह स्थिरावला की भिंतीकडून उष्णता घेण्याची त्याची क्षमता वेगावर नव्हे, तर खाचेच्या रुंदीवर ठरते: रुंदी निम्मी, तर क्षमता दुप्पट. स्थिरावण्याआधीच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये सीमास्तर आणखी पातळ असतो, म्हणून तिथे ती त्याहूनही जास्त. यासाठीच बऱ्याच ठोकळ्यांत पाणी पात्यांच्या मध्यावर सोडून दोन्ही बाजूंना वाटतात. वाट अर्धी होते आणि 'पहिले काही मिलिमीटर' दोनदा मिळतात. पाणी खाचेत थांबतं सेकंदाचा जेमतेम एक-दीड शतांश. तेवढं पुरतं, कारण खाचेच्या मध्यापर्यंतचं सगळं पाणी तापायची वाट बघायची नसते.

फुकट मात्र काही नाही. अरुंद खाचेतून जाणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. वर्गाने दिलेलं घनाने असं वसूल केलं जातं.

आम्ही ठोकळा उघडला. पात्यांवर पांढरट, चिकट साय धरली होती. मऊ प्लास्टिकच्या नळ्या लवचीक राहाव्यात म्हणून त्यांत एक रसायन घालतात. ते कोमट पाण्यात हळूहळू उतरतं आणि सगळ्यांत अरुंद जागी जाऊन बसतं. खाचेच्या दोन्ही भिंतींवर ०.०३ मिलिमीटरचा थर धरला, तर ०.२ ची वाट ०.१४ होते. ०.७ चा घन करा: प्रवाह तृतीयांशावर. अशात पंप हळू करणं म्हणजे दमेकऱ्याच्या नाकाला चिमटा लावणं.

दात घासायच्या मऊ ब्रशने पाती घासली, नळ्या बदलल्या, नवं पाणी भरलं आणि पंप पूर्ववत केला. त्याच कामाला चिप ५६ वर थांबली. पाणी ३८ च.

"मग खाचा अजून बारीक का नाही करत?" भाचीचा पुढचा प्रश्न.

करून झालंय. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ यांनी तांब्याचा ठोकळा बाजूलाच ठेवला आणि थेट सिलिकॉनमध्ये ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केसापेक्षाही बारीक, खाचा कोरल्या. त्यांतून पाणी दाबाने सोडून त्यांनी दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट बाहेर काढले, तेही सुमारे ७१ अंशांच्या तापमानवाढीत. भाचीच्या कार्डाच्या तेरा ते सोळापट! तरीही अशा खाचा कोरलेलं ग्राफिक्स कार्ड घराघरांत दिसत नाही. तेवढा दाब देणारा पंप हवा, पाणी सतत गाळत राहायला हवं, आणि त्या खाचांत साय धरली तर आमचा ब्रश तिथे शिरणार नाही.