तडा सुटला कुठून?

यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीजवळ २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकाचे, षटकोनी खांब उघडे पडले. असे खांब दिसले की ‘पांडवांनी घडवले’ म्हणणारे मेसेज लगेच फिरू लागतात. पण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे सरळसोट खांब असोत की हे, छिन्नी कुणीच चालवलेली नाही. लाव्हा निवताना आक्रसला, ताण आला आणि खडक तडकला.

पण नेमका कुठे तडकला? तडा सुटतो तो एखाद्या बारीकशा दोषापाशी: वायूची अडकलेली पोकळी, स्फटिकाची कड, केसाएवढी चीर. याचं गणित ब्रिटिश अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो. भोक चिरेसारखं असेल तर चिरेच्या अर्ध्या लांबीला तिच्या टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि एक मिळवा. २ मिलिमीटर लांबीची चीर, टोकाची त्रिज्या १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), तर उत्तर येतं सुमारे ६४ पट! बाकीच्या खडकाला सहज पेलणारा ताण त्या टोकाशी अणूंचे बंध तोडतो. काचेवर काम करणाऱ्या ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये पुढची अट सांगितली. चीर वाढली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, आणि त्यांना लागणारी ऊर्जा ताणातूनच मोकळी व्हायला हवी. त्यामुळे चीर चौपट लांब असेल तर ती निम्म्या ताणातच पळू लागते. म्हणून मोठी पण गुळगुळीत गोल पोकळी एवढी घातक नसते. तिच्या काठावरची टोकदार चीर घातक.

हे सगळं खांबावर वाचता येतं, आणि मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. तडा एका दमात आत जात नाही. आतल्या गरम, मऊ खडकापाशी तो थांबतो, खडक आणखी निवला की पुन्हा सुटतो. प्रत्येक टप्प्याचा एक आडवा पट्टा खांबावर उरतो. टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका. पट्ट्यावर पिसासारख्या रेषा उठून दिसतील. त्या फाकत जातात ती तड्याची दिशा. उलट मागे जात त्या जिथे एकवटतात, तो उगम. बहुधा तो आधीच्या पट्ट्याच्या कडेवरच असतो आणि तिथे एखादी पोकळी किंवा स्फटिक सापडू शकतो.

झिजलेल्या खांबावर या रेषा पुसट होतात, म्हणून नव्याने उघडी पडलेली बाजू पाहा. मात्र हातोडीने तुकडा पाडू नका. ताज्या फुटीवरही अशाच रेषा उमटतात, फक्त त्यांचा उगम तुमच्या घावापाशी असतो.