हृदयरोगावरच्या औषधी वनस्पती : अनुभवापासून मोजमापापर्यंत

पायावर सूज, चालताना धाप, रात्री आडवे झाले की जीव गुदमरणे. अठराव्या शतकात युरोपातले डॉक्टर याला अंगात पाणी साठण्याचा स्वतंत्र रोग समजत. हृदय थकल्याने पाणी साठते, हे तेव्हा नीट उमगले नव्हते. इंग्लंडच्या श्रॉपशायर भागातली एक वृद्धा त्यावर वीसेक वनस्पतींचे औषध देई, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी त्याने सुधारत. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरांना त्या औषधाबद्दल मत विचारले गेले. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा अभ्यास पक्का होता. गुण येतो तो त्यातल्या फॉक्सग्लोव्हच्या पानांमुळे, हे त्यांनी हेरले. या झाडाचे शास्त्रीय नाव डिजिटॅलिस.

पुढची दहा वर्षे त्यांनी जे केले, त्याला माझ्या मते या इतिहासात तोड नाही. पान कधी तोडायचे? फुले येऊ लागतात तेव्हा. देठ आणि मधली शीर काढून टाकायची, उरलेले पान वाळवून त्याची पूड करायची. सुरुवातीला त्यांनी मात्रा फार मोठी दिली होती. रोग्यांना उलट्या होत, नाडी मंदावे. मग मात्रा उतरवत नेऊन त्यांनी नियम घालून दिला : लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसला की औषध तिथेच थांबवायचे. १७८५ मध्ये त्यांनी स्वतःचे १६३ रोगी नोंदींसह जगापुढे मांडले, आणि त्यात गुण न आलेलेही लपवले नाहीत. या औषधाची हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता चालते, हेही त्यांनी लिहून ठेवले.

एवढी काळजी का, याचे उत्तर त्या पानातच आहे. तारणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. १९३० मध्ये डिजिटॅलिसच्याच दुसऱ्या जातीतून सिडनी स्मिथ यांनी डिगॉक्सिन हे त्यातले औषधी द्रव्य वेगळे केले. आज त्याची नेहमीची छोटी गोळी ०.१२५ मिलिग्रॅमची, म्हणजे मिलिग्रॅमचा आठवा भाग असते, आणि गरज पडली तर रक्तातले प्रमाणही तपासतात. पानांच्या पुडीत इतका काटेकोरपणा आणणे अशक्यच होते. ऋतू, जमीन, साठवण, सगळ्यांनी तिचा जोर बदलतो.

रक्तदाबाच्या बाबतीत असेच वळण सर्पगंधेने आणले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात या मुळीचा अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे झाले. रक्तदाब उतरे, पण काही रोग्यांना नैराश्य येई. नवी औषधे आली तसे ते मागे पडले.

कोलेस्टेरॉलच्या इतिहासात गुग्गुळाला मानाचे पान आहे. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन येते : अति खाणे, बैठे राहणे, वाढलेला मेद, अडलेले स्रोतस, म्हणजे शरीरातले वाहते मार्ग. त्यावर सांगितलेल्या औषधांत गुग्गुळ आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी या वर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात गुग्गुळाने रक्तातले कोलेस्टेरॉल उतरल्याचे निष्कर्ष आले. जुना ग्रंथ पुरावा म्हणून पुढे न करता त्यातून तपासण्याजोगा प्रश्न काढायचा, ही वाट त्यांनी दाखवली, आणि तिचे मोल निकालाहून मोठे आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत काम पुढे गेले, १९८० च्या दशकात गुग्गुलिपिड हा गुग्गुळाचा अर्क भारतात औषध म्हणून बाजारात आले. १९९४ च्या एका भारतीय चाचणीत ६१ रोग्यांमध्ये एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारे घातक कोलेस्टेरॉल, सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

मग २००३ साली अमेरिकेतल्या १०३ जणांवरच्या चाचणीने चित्र पालटले. आठ आठवड्यांत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल चार-पाच टक्के वाढले, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचे उलट घटले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार वेगळा, माणसे वेगळी, अशी कारणे मांडली गेली आणि ती विचारात घ्यायलाच हवीत; पण सगळ्यांना लागू पडणारे औषध म्हणून गुग्गुळाचा दावा तिथे डळमळला. लसणाचेही तसेच : २००७ च्या सहा महिन्यांच्या चाचणीत कच्चा लसूण आणि लसणाच्या गोळ्या, दोन्हींनी एलडीएल हलले नाही. ज्याची फारशी वाहवा होत नाही ते इसबगोल मात्र टिकले. त्याचा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो, ती भरून काढायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, आणि एलडीएल थोडे पण खात्रीने उतरते.

अर्जुनाच्या सालीला जुन्या वैद्यांनी हृदयासाठी मोठे स्थान दिले. तिच्यावरच्या आधुनिक चाचण्या बहुतेक लहान आहेत. मोठ्या चाचण्यांची खरी निकड इथे आहे, कारण ही साल घेणारे बरेच जण हृदयाची दुसरी औषधेही घेत असतात, आणि वनस्पती त्या औषधांत ढवळाढवळ करू शकतात. गुग्गुलिपिडमुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या हृदयाच्या औषधांचे रक्तातले प्रमाण घटल्याचे आढळले आहे. नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने तर डिगॉक्सिनचेच प्रमाण उतरते.