लाखेच्या तबकड्या: उभ्या की आडव्या?

ग्रामोफोनवर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, लाखेच्या ‘७८ आरपीएम’ तबकड्या जपणाऱ्यांमध्ये हमखास पेटणारा वाद म्हणजे त्या कपाटात उभ्या लावाव्यात की आडव्या रचाव्यात. उभं लावणाऱ्यांच्या बाजूने आज सगळी शास्त्रीय शिफारस आहे. तरीही आडव्या रचणारी जुनी माणसं अडाणी होती, हे मला अजिबात मान्य नाही.

१९०२ मध्ये कोलकात्यात भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून यायच्या. १९०८ पासून कोलकात्यातच कारखाना चालू झाला. लाख झारखंडकडच्या छोटा नागपूर पठाराच्या जंगलातली. पण तबकडीत ती पाव हिस्सा किंवा त्याहून कमीच. बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुती तंतू. हे मिश्रण कडक पण ठिसूळ असतं, उन्हाच्या तापाने मऊ पडून वाकतं, आणि ओल लागली की त्यावर बुरशी धरते.

नाट्यसंगीताच्या भरभराटीच्या काळात घरोघरी ग्रामोफोन आला, तेव्हा तबकड्या पेटीत किंवा ट्रंकेत आडव्याच जात. संग्रह लहान असे. दोन-तीन डझन तबकड्यांच्या चळतीने खालच्या तबकडीचं काही बिघडत नाही, आणि सपाट तळावर ती उन्हाळ्यातही वाकत नाही. म्हणजे त्या हवेला आणि त्या संख्येला ती पद्धत योग्यच होती.

गणित बिघडलं ते पुढे. पाश्चात्त्य देशांत लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास थांबल्या. आपल्याकडे त्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. मग कॅसेट आली आणि घरोघरचे साठे माळ्यावर, तिथून भंगारात गेले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथून ते उचलणाऱ्यांकडे आता शेकड्यांनी तबकड्या जमल्या. दहा इंची शंभर तबकड्यांचं वजन वीस किलोच्या आसपास भरतं. एवढी चळत रचली की तळाच्या तबकड्यांना तडे जातात, मधली एक काढायची तर वरच्या सगळ्या हलवाव्या लागतात, आणि मोडतोड बहुतेक त्याच वेळी होते.

१९५९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने उभ्या मांडणीची बाजू घेतली. त्यामागे साधारण २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता राखलेली खोली गृहीत होती, आणि तबकडी अगदी ताठ, दोन्ही बाजूंनी आधार देऊन उभी करायची अट होती. आपल्याकडे त्यातलं ‘उभ्या’ तेवढं उचललं गेलं, अट सुटली. अर्धवट भरलेल्या खणात एकमेकींवर रेललेल्या तबकड्या एप्रिल-मेमध्ये वाकतात. रेललेली उभी मांडणी लहान आडव्या चळतीपेक्षा वाईट, यावर मी ठाम आहे. तडा गेलेली तबकडी तर सपाट पुठ्ठ्यावर आडवीच ठेवावी.

तबकड्या ताठ उभ्या ठेवायला खर्च फार नाही. दर पाच-सहा इंचांवर प्लायवुडची उभी फळी, दहा आणि बारा इंची तबकड्यांचे वेगळे खण, आणि वाळवीच्या भीतीने लाकडाऐवजी लोखंडी मांडणी. ती भिंतीपासून जरा दूर, सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर वर. मांडणी वजन पेलणारी हवी; पुस्तकांचं साधं कपाट बहुधा मध्ये झुकतं.

प्लास्टिकची पाकिटं अलीकडची, दिसायला स्वच्छ. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद पाकिटात ओल कोंडते, म्हणून साध्या कागदाचं पाकीट बरं. विक्रेत्यांच्या जाहिराती छापलेली मूळ तपकिरी पाकिटं फेकू नयेत. ती वेगळी ठेवावीत, कारण तबकडी कुठे विकली गेली हे पुष्कळदा त्यांवरूनच कळतं. आणि पुसताना स्पिरिट कधीच नको: सुतार पॉलिश करताना चपडा लाख त्यातच विरघळवतात.